बंडीखालचा तवा

ट्रॅफिक हवालदाराला शिट्टी वाजवता येईनाशी झाली, तेव्हा तो टाळ्या वाजवायला लागला. मी समोरच्या खांबावर चढलेलो असायचो आणि वरून हे पाहायचो. शिट्टी गळ्यातल्या दोरीला लटकलेली, तोंडावर पांढरा रुमाल बांधलेला आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या. लग्नातला म्होरक्या वऱ्हाड्यांना पंगतीला बोलावतो तशा. गावातली टारगट पोरं हसत. मीही एकदा हसलो होतो, हे कबूल करून टाकतो.

मी नगरपालिकेत वायरमन. रस्त्यावरचे दिवे, पाण्याच्या टाकीची मोटर, गणपतीत मंडपाचं कनेक्शन, सगळं माझ्या अंगावर. स्वभाव चिडका. शिडी धरायला कोणी नसलं की चिडायचो आणि कोणी धरली की ती नीट धरत नाही म्हणून चिडायचो. हवालदार माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे, मूळचे जानेफळचे. त्यांच्या तोंडी चिडीचा शब्द मी कधी ऐकला नाही. त्यांचा हात न जुमानता जाणाऱ्यालाही ते "काऊन बे बापू, घरी दूध उतू जाऊन राह्यलं का?" एवढंच विचारत. तो माणूस ओशाळून गाडी मागे घ्यायचा.

आमचा चौक म्हणजे जालन्याकडून येऊन बुलढाण्याकडे जाणारा मोठा रस्ता आणि त्याला आडवा मिळणारा अमडापूरकडचा रस्ता. जिनिंगचे कारखाने चौकाच्या पलीकडे. म्हणजे दसऱ्यानंतर त्या अंगाच्या खेड्यांतला जेवढा कापूस निघेल, तेवढा सगळा या चौकातून जाणार. बीटीचं बियाणं आलं त्या पहिल्या वर्षांत तर ट्रॉल्यांवर ट्रॉल्या. कापूस जाळीबाहेर फुगलेला, दोन्ही बाजूंनी रस्ता अडवणारा, आणि प्रत्येक ट्रॉलीचं इंजिन चालूच. बंद केलं आणि पुन्हा सुरू झालं नाही तर, ही प्रत्येकाची धास्ती. तासनतास ती इंजिनं घुरघुरत राहायची. मधोमध एका लाकडी चौथऱ्यावर हवालदार. संध्याकाळी ते रुमाल सोडत तेव्हा नाकाच्या जागी दोन काळे ठिपके उमटलेले असत. ते रुमाल झटकत नसत. घडी करून खिशात घालत, घरी बायकोला दिसू नये म्हणून आधी स्वतः नळाखाली धूत.

शिट्टीला श्वास पुरत नव्हता, तो दम्यामुळे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनी सांगितलं की धुरातून बाजूला व्हा, नाहीतर पुढचा हंगाम जड जाईल. त्यांनी बदली मागितली. अर्ज वर गेला आणि वरच राहिला. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं, म्हणजे कापसाचा आणखी एक हंगाम मध्ये होता.

"एक हंगाम काढाचा आहे वायरमन," ते मला म्हणाले, "पर थो मले काढते का मी त्याले काढतो, हे पाहा लागन."

त्याच उन्हाळ्यात पुण्याहून मॅडम आल्या. तिशीच्या आतबाहेरच्या, पाठीला बॅग, पायात बूट. नव्या पद्धतीच्या सिग्नलचा प्रयोग लहान गावात करून पाहायचा होता आणि त्यांच्या यादीत आमचं गाव लागलं होतं. मी मनात म्हटलं, आला डोक्याला ताप. सिग्नल आमच्याकडे पूर्वी एक होता. तो तिन्ही दिवे एकदम लावायचा, म्हणून मीच त्याची वायर कापून ठेवली होती.

पण मॅडमनी बॉक्स उघडून दाखवला. आतलं वायरिंग इतकं देखणं होतं की हात लावायला भीती वाटावी. त्यांनी मला आणि हवालदारांना चहाच्या टपरीवर बसवून सगळं समजावलं. रस्त्यात चौकोनी खाच पाडायची, तिच्यात तारेचे तीन वेढे घालायचे, वरून डांबर. त्यावर गाडी येऊन थांबली की तिच्या लोखंडाची चाहूल तारेला लागते. तार बॉक्सला सांगते, बॉक्स दिवा बदलतो. ज्या रस्त्यावर कोणी नाही, त्याला हिरवा देऊन वेळ घालवायचा नाही. ज्या रस्त्यावर गाड्या आहेत त्यांना ताटकळवायचं नाही. गाडी जेवढी कमी थांबेल तेवढा धूर कमी.

"आणि काका, धूर दोन प्रकारचा आहे," त्या म्हणाल्या. "काळा दिसतो तो छातीत जातो. दुसरा दिसत नाही, वास येत नाही, तो वर जाऊन बसतो आणि हवामान तापवतो. गाडी उभी राहून डिझेल जाळते तेव्हा दोन्ही फुकटचे."

हवालदारांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हंजे मॅडम, त्या तारेनं जर काम केलं त मले त्या चौथऱ्यावर उभं नाही राहा लागनार?"

"बाजूला खुर्ची टाकून बसा. फक्त लक्ष ठेवा."

त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरलेलो नाही. लहान मुलाला जत्रेला न्यायचं कबूल करावं, तसा तो चेहरा होता. मॅडमनी लगेच पुढचंही सांगितलं, त्या काही लपवणाऱ्यांतल्या नव्हत्या. यंत्रणा प्रयोगापुरती आहे. खांबावर हवा मोजायचं यंत्र बसेल, सिग्नलच्या आधीपासून संक्रांतीपर्यंत ते मोजेल. हवेत फरक दिसला तर सिग्नल इथेच राहील. नाही दिसला तर सगळं उचलून दुसऱ्या गावी जाईल.

यंत्रणा बसवण्याआधी चौकातल्या गाड्यांची मोजणी करायची होती, आणि ते काम माझ्याकडे आलं. तीन दिवस मी टपरीवर कागद घेऊन बसलो. ट्रक, बस, ट्रॉली, टेम्पो, मोटारसायकल. कागदावर 'इतर' असाही एक रकाना होता. त्या तीन दिवसांत सात-आठ बंड्या माझ्या समोरून गेल्या. बैलगाडीला आम्ही बंडी म्हणतो. कोणी कडबा नेत होतं, कोणी पाण्याची टाकी. मी त्या लिहिल्या नाहीत. आळस नव्हता त्यात. मी धूर मोजायला बसलो होतो. जिला इंजिनच नाही तिला या कागदावर कशाला चढवायचं, असा माझा सरळ हिशेब. माझा बाप जन्मभर बंडीवर बसला, मी शाळेत गेलो तो बंडीच्या साटीवर, म्हणजे मागच्या फळ्यांवर बसून, आणि रकाना रिकामा सोडताना माझा हात जरासुद्धा अडला नाही.

पावसाळ्यानंतर सिग्नल सुरू झाला. पहिले तीन आठवडे काय सांगावेत. अमडापूरकडून एकटी मोटारसायकल आली तरी दिवा तिला ओळखून रस्ता द्यायचा. मोठ्या रस्त्यावरची एसटी वाटेत कोणी नसताना उगाच उभी राहायची नाही. मी कामं सोडून बघत बसायचो. रस्त्याच्या पोटात आपण घातलेली तार आपल्याच गावच्या माणसांना ओळखते आहे, याचा मला एवढा अभिमान वाटायचा की घरी जेवताना मी दुसरं काही बोलायचो नाही. बायको म्हणाली, त्या दिव्यालाच घेऊन या जेवायला.

हवालदार खुर्चीवर बसायला शिकले. आधी त्यांना जमेना, दर दोन मिनिटांनी उठून उभे राहत. मग हळूहळू पाठ टेकायला लागले. एका संध्याकाळी त्यांनी रुमाल सोडून मला दाखवला. ठिपके होते, पण राखाडी. आता ते तो न धुताच घरी नेत. "पाय वायरमन," ते म्हणाले, "बायको इचारून राह्यली, ड्युटीवर जाता का नाही म्हनून."

मग कापूस आला.

ते वर्ष बोंडअळीनंतरचं. बीटीला अळी लागत नाही म्हणून ज्यांनी महागाचं बियाणं लावलं त्यांच्या बोंडांत ती आदल्या वर्षी घुसली होती, आणि या वर्षी दिवाळीत अवेळी पाऊस पडून फुटलेला कापूस झाडावरच भिजला. टेम्पो भाड्याने करावा एवढा माल पुष्कळांकडे निघालाच नाही. ज्यांच्या गोठ्यात अजून बैल होते त्यांनी सपरातल्या बंड्या बाहेर काढल्या, रबरी चाकांत हवा भरली आणि निघाले. आम्हाला हे आधी सुचायला हवं होतं. पीक बुडालं की बंड्या वाढतात, हे पुण्याच्या मॅडमना ठाऊक नसेल, मला होतं.

सकाळी नऊच्या सुमाराला अमडापूर रस्त्यावरून पहिली बंडी आली. हाकणारी एक बाई होती, पन्नाशीची, डोक्याला पदर घट्ट बांधलेला. लाल दिवा पाहून तिने कासरा ओढला आणि बंडी बरोबर पांढऱ्या रेघेशी उभी केली. मागे एक टेम्पो, मग ट्रॉली, मग दुसरी बंडी, मग टेम्पो. मोठ्या रस्त्यावरून गाड्या सुसाट चालल्या होत्या. बाई उभी. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दिवा लालच. मागची रांग पेट्रोल पंपाच्या पुढे गेली, सगळी इंजिनं चालू, सगळे हॉर्न चालू. बंडी तारेवर उभी होती आणि तारेला वाटत होतं की रस्ता मोकळा आहे. मागचे टेम्पो तारेपर्यंत पोहोचतच नव्हते.

मी बॉक्सपाशी धावलो. अमडापूर रस्त्याचा बारीक दिवा बंद होता, म्हणजे गाडी नाही. मी मान वर केली. गाडी समोर होती, तिचे बैल माझ्याकडे बघत होते. तेव्हा मला तो रिकामा रकाना आठवला.

हवालदार खुर्चीवरून उठले. रुमाल बांधला आणि मधोमध जाऊन उभे राहिले. पुढचे चार दिवस ते तिथेच होते. यंत्रणा बंद करायची मला परवानगी नव्हती. दिवा एक सांगायचा, हवालदारांचा हात दुसरं सांगायचा, आणि गाडीवाल्यांनी ऐकायचं कोणाचं? पूर्वीपेक्षा जास्त गोंधळ, पूर्वीपेक्षा जास्त धूर. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी टाळी वाजवायला हात वर नेले आणि ते हात तसेच छातीवर आले. ते खाली बसले. ओठ निळसर झाले होते. त्या बंडीवाल्या बाईनेच कापूस उतरवून परत जाताना त्यांना पाहिलं, रिकाम्या साटीवर झोपवलं आणि दवाखान्यात नेलं. गर्दीतून तेवढीच एक गाडी रस्ता सोडून कडेच्या मातीतून बाहेर पडू शकत होती.

संध्याकाळी मी मॅडमना फोन लावला. मूग गिळून बसता आलं असतं. तार जुनी आहे, डांबर खचलं, काहीही सांगता आलं असतं. पण दवाखान्यात हवालदारांच्या नाकाला लावलेली नळी डोळ्यांसमोर होती. मी सांगितलं की मोजणीत बंड्या मी लिहिल्या नाहीत, चूक माझी आहे. मग त्या म्हणाल्या, "काका, चूक माझी पण आहे. 'इतर' म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. मी उद्या निघते." मला रागवायला त्यांना पूर्ण अधिकार होता. त्यांनी तो वापरला नाही, आणि त्या दिवसापासून मी त्यांना मनोमन मानलं.

त्या आल्या आणि आधी दवाखान्यात गेल्या. हवालदार उशीला टेकून बसले होते. त्यांनी एकच विचारलं, "मॅडम, तुमचं यंत्र घेऊन जाता का आता?" मॅडम म्हणाल्या, संक्रांतीला अजून दीड महिना आहे.

दोन दिवस त्यांनी बॉक्समध्ये डोकं घातलं. तारेची नजर तीक्ष्ण केली, तर ती शेजारून जाणाऱ्या ट्रकलाही आपलं समजून भलत्याच वेळी दिवा बदलू लागली. कमी केली की पुन्हा बंडी दिसेना. तिसऱ्या दिवशी त्या रस्त्याच्या कडेला चक्क मांडी घालून बसल्या. शेजारीच टिनाची कामं करणाऱ्या चाचांचं दुकान. चाचा देऊळघाटचे, गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यांपासून कोठ्या, पेट्या, चाळण्या बनवायचे. त्यांनी मॅडमना बसायला पाट दिला. बंडीवाली बाईही तेवढ्यात आली. तिची बंडी पुन्हा लाल दिव्याशी अडकली होती, आणि हवालदारांच्या जागी आलेला शिपाई तिच्यावर खेकसत होता.

"काऊन नाही दिसत त्याले माही बंडी?" तिने मॅडमना थेट विचारलं. "एवढाले बैलं दिसत नाहीत?"

मॅडमनी तिलाही तसंच समजावलं, जसं आम्हाला समजावलं होतं. तारेला लोखंड कळतं. तेही पसरट आणि जमिनीजवळचं. बंडीचा आस लोखंडी आहे, पण बारीक आणि उंच. मग बोलता बोलता त्यांनी हे सगळं कशासाठी तेही सांगितलं, न दिसणारा धूर, तापणारं हवामान. बाई ऐकत होती.

"म्हंजे दिवाईत पाऊस आला अन् माहा कापूस भिजला, थे याच्यानं?"

"या एका चौकामुळे नाही, मावशी. खोटं कशाला सांगू. पण असे चौक गावोगाव आहेत, मोठ्या शहरांत तर रस्तोरस्ती आहेत. सगळ्यांचं मिळून होतं ते."

"मंग माही बंडी त वर कायीच सोडत नाही," बाई म्हणाली. "अन् तिलेच थे उभी ठेवते."

मी खाली बघत होतो. चाचा मात्र हातातली कात्री ठेवून उठले आणि आतून भाकरीचा जुना लोखंडी तवा घेऊन आले. "पसरट लोहा पाह्यजे ना? हे घ्या. बंडीच्या खाली लटकवा, पाहू त्याले अकल येते का."

बाई वाकली. बंडीच्या आसाला मधोमध एक कडी होती. जुन्या काळी रात्रीच्या प्रवासाला तिथे कंदील टांगायचे. माझ्या बापाच्या बंडीलाही होती तशी. कंदील गेला, कडी राहिली. तिने सुतळीने तवा त्या कडीला बांधला. मी बॉक्सपाशी. बारीक दिवा एकदा लुकलुकला आणि विझला.

"दिसला," मी ओरडलो, "पण अर्धाच."

मग पुढचं सगळं तासाभरात झालं, आणि मी ते जन्मात पुन्हा पाहीन असं वाटत नाही. मॅडम म्हणाल्या, तवा लहान पडतो आणि तिरपा लोंबतो. मोठा हवा, सपाट हवा, खाली हवा. चाचांनी तेलाचे चार डबे कापले, हातोड्याने सपाट केले, कडा एकमेकींत अडकवून कथलाचा डाग दिला. परातीहून मोठा चौकोनी पत्रा झाला. तो सपाट कसा टांगायचा? बाईने सुतळीचं बंडल मागून घेतलं आणि बसल्या बसल्या शिंकं विणलं. मांजराच्या भीतीने दह्यादुधाचं मडकं अधांतरी ठेवतात ते, चार कोपऱ्यांना चार दोऱ्या आणि वर एक गाठ. पत्रा शिंक्यात बसवला आणि शिंकं कंदिलाच्या कडीला. शेताच्या वाटेला लागलं की दोरी वर ओढून अडकवायची, डांबरी रस्त्यावर आलं की खाली सोडायची.

बाईने बैलांना चुचकारलं. बंडी रेघेशी आली. बॉक्समधला बारीक दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. थोड्या वेळाने चौकातला दिवा हिरवा झाला. बाई आमच्याकडे बघायलासुद्धा न थांबता निघून गेली. मागे टेम्पो खोळंबले होते, तिला ते कळत होतं.

मॅडमनी पुण्यात किती शिक्षण घेतलं असेल ते मला माहीत नाही. पण त्या चाचांच्या पाटावर बसून वहीत शिंक्याची गाठ काढून घेत होत्या, आणि बाईला ती पुन्हा घालून दाखवायला सांगायचं राहिलं म्हणून हळहळत होत्या. मला माझ्या जिल्ह्याचा एवढा अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

आठ-दहा दिवसांत त्या रस्त्याच्या बहुतेक बंड्यांखाली पत्रे लटकले. लोक त्याला तवाच म्हणत राहिले. चाचांनी त्याचं कोणाकडून काही घेतलं नाही. रिकामे डबे आणा आणि चहा पाजा, एवढीच त्यांची अट. काही बायकांनी घरीच पत्रे ठोकले. गतिरोधकावर तवा आपटायचा, ठण्ण असा आवाज व्हायचा, आणि मला खांबावर पाठमोरं असतानाही कळायचं की बंडी आली.

हवालदार परत आले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना ड्युटी करू नका असंच सांगितलं होतं. ते खुर्चीवर बसायचं कबूल करून आले. पण स्वस्थ बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी वेगळंच काम काढलं. दिवा लाल झाला की ते हळूहळू रांगेच्या कडेने चालत, प्रत्येक टेम्पोच्या खिडकीशी थांबत आणि हात जोडत. "भाऊ, इंजिन बंद कर. हिरवा झाला का मी सांगतो." गाडी पुन्हा सुरू झाली नाही तर, असं कोणी म्हटलं की ते म्हणत, "मंग मी ढकलतो." त्यांची ती धपापणारी छाती बघून कोणाची हिंमत व्हायची नाही इंजिन चालू ठेवायची. एकदा एक ट्रॉली खरंच सुरू झाली नाही. हवालदार ढकलायला गेले आणि मागच्या चार टेम्पोंतले लोक उड्या टाकून आले, त्यांना बाजूला बसवलं आणि ट्रॉली ढकलून दिली. त्यानंतर आमच्या चौकात लाल दिव्याला इंजिन बंद करायची रीतच पडली. हे मॅडमच्या बॉक्समध्ये नव्हतं. त्या म्हणाल्या, अहवालात हे कुठल्या रकान्यात लिहू? मी म्हटलं, 'इतर'मध्ये लिहा, रिकामा सोडू नका.

संक्रांतीला त्या शेवटचे आकडे घ्यायला आल्या. खांबावरचं यंत्र मी खाली उतरवलं. त्यांनी लॅपटॉप उघडला, आणि हवालदार त्यांच्या शेजारी असे उभे होते की जणू दहावीचा निकाल आहे. पडद्यावर एक रेघ होती. बंड्या अडकल्या त्या दिवसांत ती डोंगरासारखी वर गेलेली, मग खाली उतरत उतरत सिग्नलच्या आधीच्या रेघेच्याही पुष्कळ खाली आलेली. मॅडम म्हणाल्या, काळा धूरही कमी आणि जळालेल्या डिझेलवरून हिशेब लावला तर दुसराही कमी. यंत्रणा इथेच राहील.

हवालदारांनी खिशातून रुमाल काढला. पांढरा होता. त्याच रुमालाने त्यांनी डोळे पुसले.

ते निवृत्त झाले त्या दिवशी पोलीस ठाण्यातल्या लोकांनी हारांनी सजवलेली जीप आणली होती. त्यांनी जीपला नमस्कार केला आणि म्हणाले, एवढ्यासाठी डिझेल जाळू नका. दाराशी ती बाई बंडी घेऊन उभी होती. हंगाम कधीच संपला होता, तिचं गावात काही काम नव्हतं. ती एवढ्यासाठी आली होती. साटीवर नवी सतरंजी, बैलांच्या शिंगांना रंग. हवालदार चढले, त्यांच्या बायकोला चढवलं, आणि मला म्हणाले, "ये वायरमन, जागा आहे."

चौकात आलो तर दिवा लाल. नव्या शिपायाने आम्हाला पाहिलं आणि गडबडीने मोठा रस्ता अडवायला हात वर केला. हवालदारांनी मान हलवून त्याला थांबवलं. "राहू दे. आपला नंबर येऊ दे."

आम्ही थांबलो. आमच्या मागे दोन टेम्पो आले, इंजिनं बंद झाली. टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. चाचा दुकानाच्या पायरीवर आले. चौक एवढा शांत होता की बैल श्वास सोडत होते तोही ऐकू येत होता. मी सवयीने हवालदारांच्या छातीकडे कान देऊन होतो. गेली चार वर्षं, त्यांच्या शेजारी बसलं की ती घरघर ऐकू यायची. त्या दिवशी मला ती ऐकू आली नाही.

दिवा हिरवा झाला. बाईने कासरा सैल केला. हवालदारांचा उजवा हात आपोआप वर गेला, पुढे व्हा असं सांगायला, आणि मध्येच थांबला. सांगायला समोर कोणी नव्हतं, आता जायचं ते त्यांनाच होतं. त्यांनी तो हात खाली आणला, गळ्यातली दोरी चाचपली आणि शिट्टी ओठांना लावली. त्यांच्या बायकोने घाबरून त्यांचं मनगट धरलं.

शिट्टी वाजली. चौकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बंडी जाईस्तोवर, एका दमात.